कुरण वापरात आहे

कंपनीच्या पत्राला विब्रन यांनी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. ही कंपनी सेंद्रिय शेळीच्या दुधापासून बाळांसाठी पावडर बनवी आणि या म्हाताऱ्याची सगळी पुंजी तिच्यात होती. ‘दुधाच्या पुरवठ्यातली जोखीम टाळण्यासाठी यंदाचा नफा खर्च करू का?’ एवढंच तिनं भागधारकांना विचारलं होतं. विब्रन यांनी जाडजूड पुस्तकं वाचली, पण जोखीम काही उमजेना. आज नेदरलँड्सच्या फ्रिसलंड प्रांतातल्या त्यांच्या गावी, पोस्टाच्या रांगेत, पुढे दोन शेळीवाल्या बोलत होत्या.

“सीत्स्के, तुझ्या शेळ्या बाहेर चरल्या का गं?”

“कुठल्या! चार थेंब पडले की दारात अडून बसतात. महाराण्या मेल्या!”

“अगं, कुरणात चरल्या नाहीत तर दूध सेंद्रिय धरत नाहीत. मग कंपनी पावडर कशाची करणार?”

“काल तपासनीस आला होता.”

“अगंबाई! मग?”

“मीच गेले भर पावसात. ओणवी झाले आणि गवत खाऊन दाखवलं. म्हटलं, मला बघून तरी येतील.”

“आल्या?”

“छे! दारात रांगेनं उभ्या राहून बघत होत्या. रवंथ करत.”

“आणि तपासनीस?”

“त्यानं लिहिलं, ‘कुरण वापरात आहे.’”

“आता पुढच्या खेपेला मी खाऊ की काय!”

“कंपनीला म्हटलंय, कुरणात छप्पर घाला. तर म्हणे, एका भागधारकाचं उत्तर यायचंय.”

“कोण तो ठोंब्या?”

विब्रन यांचे कान लाल झाले. खिशातलं कोरं उत्तराचं कार्ड काढून त्यांनी भिंतीला टेकवून लिहिलं, ‘छप्पर घाला. बाईंना गवत खायला लावू नका.’ मग रांग सोडून ते बाहेर आले आणि कार्ड पेटीत टाकलं.