अळणी जेवण आणि लिथियमची गोळी

सकाळचे साडेसात वाजले होते बघा. डोक्याच्या आजारावरची लिथियमची गोळी माझे दीर अडकित्त्यानं अर्धी करत होते, पण हात इतका थरथरत होता की कापताच येईना. दीर शाळेत मास्तर, हेच पोरांना लिथियमचा धातू चाकूनं खव्यासारखा कापून दाखवायचे.

"वहिनी, तुम्हीच कापा."

कडेवरचं लेकरू खाली ठेवून मी कापून दिली. दिरांनी गिळली आणि भडाभडा ओकले, जीभ जड झाली.

तसंच सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "जेवायला काय देता?"

सासूबाई म्हणाल्या, "अळणी. पोराचं डोकं ताळ्यावर येईस्तोवर त्याचं मीठ बंद, येडाईला नवस बोललेय म्या."

"मीठ तोडलं की हीच गोळी अंगात साचून विष होते, बाई!"

दीर वाचले, पण आता त्यांना खडू धरवत न्हाय. तुम्ही येरमाळ्याला येडाईच्या दर्शनाला जाताय, तर तिथं बायकांना सांगा, नवस दुसरा कुठला बी बोला, या गोळीवर मीठ तोडू नका.