मैल्याला मैला म्हणताना

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या नगरपालिकेचे प्रमुख पेनहॅलोसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती विनिफ्रेडबाई आणि वाऱ्यापावसात छत्र्या सांभाळत आलेल्या गावकऱ्यांनो,

किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला आज बाईंच्या निरोप समारंभात बोलायला उभं केलंत, हा माझा मान समजतो. थोडक्यात आटप, असंही बजावलंय.

नगरपालिकेची सगळी निवेदनं विनिफ्रेडबाई लिहायच्या. वाचनालयाला कुलूप लागलं, ते 'वाचनाचं घरोघरी विकेंद्रीकरण' होतं. बस बंद झाली, तेव्हा आपल्याला 'चालण्याची सुवर्णसंधी' मिळाली. माझी आई गुडघे धरून ती संधी साधत औषधं आणायची. आपण हसलो, नाही का? रागवायचं तेवढं राहून गेलं.

मग गेल्या उन्हाळ्यात गटाराचं पाणी समुद्रात सोडलं गेलं. किनाऱ्यावर बाईंनी लिहिलेला फलक लागला, 'पाणी सध्या नैसर्गिक घटकांनी समृद्ध आहे.' मी शिट्ट्या फुंकतोय आणि लोक आनंदानं पाण्यात शिरतायत. एक बाई मलाच म्हणाली, "समृद्ध आहे म्हणतात, कातडीला चांगलं असेल." तिची मुलगी दुसऱ्या दिवशी इस्पितळात होती.

विनिफ्रेडबाई तिला भेटायला गेल्या. पोरीनं विचारलं, "पाण्यात काय होतं हो?" तिथून त्या थेट किनाऱ्यावर आल्या, फलक पुसला आणि खडूनं लिहिलं, 'पाण्यात मैला आहे. उतरू नका.'

किनारा ओस पडला. आइस्क्रीमवाला ट्रेव्हर खेकसला, "धंदा बसवलात की माझा."

"बसू दे," बाई म्हणाल्या. "पोरं तरी आजारी पडणार नाहीत."

पुढच्याच आठवड्यात पेनहॅलोसाहेबांनी त्यांना बोलावलं. मी बाहेर बाकावर होतो, दार उघडंच होतं.

"तुमच्या पदाची आम्ही फेररचना करतोय," साहेब म्हणाले.

"म्हणजे मला काढलंत?"

"असा शब्द आपण वापरत नाही, विनिफ्रेड."

"ठाऊक आहे. मीच शिकवलंय तुम्हाला."

साहेब खाली बघतायत, म्हणजे मला नीट आठवतंय.

तर मंडळी, पत्रिकेत 'स्वेच्छानिवृत्ती' छापलंय. बाईंना काढलंय. आणि ती पोरगी आता बरी आहे, तिसऱ्या रांगेत केक खातेय.

सभागृह आणि चहा दिल्याबद्दल साहेबांचे आभार. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल, तर पोटात घाला. असली भाषणं गुळगुळीत करून देणाऱ्या बाई आता नोकरीत नाहीत.