कचऱ्याची वीज

पंच्याण्णव साली धुळ्याच्या स्टँडवर आधार मास्तर साक्रीच्या गाडीची वाट बघत उभे होते. रांगेत पुढे शेअरच्या गप्पा चालल्या होत्या. मास्तरांनाही शेअर घ्यायचे होते, म्हणून त्यांनी कान दिला.

“बन्सीनाना, कचऱ्यातून वीज काढणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले म्हणे?”

“घेतले ना, गफूरभाई. काल कारखानाही बघून आलो.”

“कसा आहे?”

“फाटक आहे, पाटी आहे, अन् बंद पंख्याखाली घामाघूम बसलेला वॉचमन आहे.”

“पंखा बंद का?”

“बिल भरलं नाही म्हणून वीज कापली.”

“कचरा तरी आहे?”

“उद्घाटनाला एक ट्रॉली आणली होती. फोटो काढून परत नेली.”

“मग विकून टाका शेअर!”

“त्यासाठीच तर साक्रीला चाललोय, जावयाकडे.”

“तो घेईल?”

“अरे भो, डोकं असतं तर माझा जावई झाला असता का तो?”