सहा पुंजके, दहा-दहा पेशी

...मंग काय खोटं लिहू? तुमीच सांगा! यवतमाळच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाले डोये लावून बावीस वर्षं झाली मले. मानेतल्या गाठीत सुई मारून जे निंघते ते काचेवर पसरवतेत, अन् त्यात सहा पुंजके पाह्यजे, एकेकात कमीत कमी दहा पेशी. नाही तं नमुना अपुरा. नाही म्हणजे नाही!

आता ह्या हंसाबाई, दारव्ह्याकडच्या तांड्यावरच्या, थायरॉईडची गाठ लिंबाएवढी. पह्यली काच पाहतो तं निस्तं रक्त, पुंजके चार. लिहिलं अपुरा! आठ दिवसानं दुसरी, पुन्हा रक्त, पुंजके पाच. सुई मारणारे सर्जन वामनराव आले तणतणत, "एकानं काय बिघडते? लिहा साधी गाठ, जाऊ द्या बाईले घरी." एकानं काय बिघडते! अन् वंगाळ निंघाली तं? कॅन्सर काय मले इचारून थांबन? बाईचा पोरगा फुलसिंग हात जोडून राह्यला, साहेब, जीपमधी कोंबून आणतो याडीले, माह्या मायले, आता पुरे करा ना. मले का कीव येत नाही? येते! म्हणूनच तं... सहा पुंजके, दहा-दहा पेशी. नाही म्हणजे नाही!

तिसऱ्या खेपेले मीच बाजूले उभा राह्यलो. वामनराव म्हणे, बाई, गिळू नका, गाठ हालते. बाईनं मान डोलावली. सुई टेकली का... घुटुक! गाठ वर, सुई भलतीकडंच. पाहतो तं बाईचा एक गाल फुगेल! म्हटलं, मावशी, तोंडात काय हाय? लई इचारलं तवा काढला बाप्पा... खर्रा! सुपारी-तंबाखू घोटेल!

"सुईचं भेव वाटते, म्हणून धरते गालात," बाई म्हणे. "अन् थुंकाची बंदी लिहेल हाय ना भिंतीवरच्या पाटीवर. मंग गिळू नाही तं काय करू?"

चूळ भरवली, सुई मारली, काच पाह्यली. नऊ पुंजके! साधी गाठ, पण आता खरीखुरी साधी. सांगा, चुकलो का मी?

जाता जाता बाई वामनरावाच्या पाया पडली. अन् मले? खर्ऱ्याची पुडी. "घे बाबू, लई चिडते तू." घेतला, टाकला तोंडात, काय करता... आता थुंकू कुठं? ते पाटी माह्याच हातची हाय!