भिंतीवरची जिलेबी

आता हसू नका, पण नागपूरच्या कलाप्रदर्शनात मी भिंतीएवढा झळकलो.

साकोलीत माह्यं कापडाचं दुकान. दुकानातला कॅमेरा बायको घरी मोबाईलवर पाहाते, आन् हे साऱ्या गिऱ्हाइकायले माहीत हाये. मासोळीवाली बाई तं दुकानाच्या दारातूनच रोहू कॅमेऱ्याले दाखवते, "वैनी, पाहिजे का?"

भाची नागपूरले चित्रकला शिकते. म्हणे, "मामा, आपल्यावर नजर हाये हे विसरलेला माणूस कसा दिसते, त्याचा व्हिडिओ कराचा हाये. तुमचं रेकॉर्डिंग द्या." दिलं. आठ दिवसाचं पाहून पोरगी रडकुंडीले आली. "मामा, इथं तं जो तो पोज देऊन राहिला!"

मंग एक दिवस फोन, "भेटला एक माणूस! मामीले घेऊन या."

आम्ही दोघंही नवे कपडे घालून गेलो. पाहातो तं भिंतभर मीच! बायकोची दुपारची झोप साधून गल्ल्यामांगं वाकून जिलेबी खाऊन राहिलो. आन् मले शुगर! लोकायनं टाळ्या वाजवल्या. मी बायकोकडे पाहाचं टाळलं.

तीच कानाशी येऊन म्हणे, "आता खाचीच असन, तं कॅमेऱ्याकडे पाहून खा. फोटो चांगला येते."