नामाने अडलेला खोका

पेडण्याच्या टपाल कचेरीत गोकुळदासांच्या पुढे शेजारच्या पद्मावतीबाय उभ्या होत्या. सोबत सून सेजल, आणि तिच्या हातात लिस्बनहून परत आलेला खोका.

"बाय, आत काय आहे?" कारकुनाने विचारले.

"भिरंडेल. आमच्या लेकीक, सुविधाक. तें थंय साबण करतं."

"मग परत का आलं?"

"तें ह्या शिकलेल्या सुनेक विचार."

"फॉर्मवर मी भिरंडेलाला कोकम बटर लिहिलं. सगळे तसंच म्हणतात," सेजल म्हणाली.

"आणि तिथल्या कस्टमवाल्यांना ते लोणी वाटलं. दुधाचं काही घरून पाठवता येत नाही," कारकून म्हणाला.

"लोणी? आमच्या गोठ्यात तीन वर्षं म्हस नाय. काल बुवा सांगत होते, नामाने माणूस तरतो. आमचा खोका नामानेच बुडाला."

कालच्या कीर्तनात पुढेच बसलेले गोकुळदास खुदकन हसले.

"हसा तुम्ही. पुढच्या महिन्यात पोरीचं पहिलं दुकान लागतंय. भिरंडेल नाय तर साबण नाय."

"बाय, घरी त्याचं काय करता?" कारकुनाने विचारले.

"टाचेच्या भेगांक लावतो."

"मग सरळ लिहा. कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. साबणासाठी. खाण्याचं नाही, दुधाचं नाही."

सेजलने लिहिले.

"आणि भिरंडेल खंय?"

"तो शब्द त्यांना कळायचा नाही, आई."

"नाय कळलो तर नाय. सुविधाक कळतलो."

सेजलने तोही शब्द लिहिला. कारकुनाने शिक्का मारला आणि मागून गोकुळदासांनी, कीर्तनात देतात तशीच, साद दिली, "विठ्ठल."