साबणानंतरची पायरी

मंजुळाबाई: निशिगंधाचं लगीन झालं त्या साली, तेवीसला, ह्यांनी भरलाय त्यो आवाज. लेक सासरी गेली, मग बसले नातीचा टॅब घेऊन. आता त्यात कुणी हात घालायचा न्हाई.

वर्षाली: घालावा लागेल, आत्या. सोमवारपासून दिव्या रहाटणीला, स्वमग्न मुलांच्या केंद्रात राहणार. तिथं अंघोळ तिची तिनं करायची.

मंजुळाबाई: करतीच की. चित्र दाबती, ह्यांचा आवाज सांगतो. तांब्या घे, पाणी घे, साबण लाव.

वर्षाली: आणि साबणानंतर?

मंजुळाबाई: साबणानंतर काय?

वर्षाली: 'अगं ए, चहा झाला का?' मामंजी रेकॉर्डिंग चालू ठेवूनच तुम्हाला ओरडले. दिव्याला तीही पायरीच वाटते. तुम्ही 'झाला, आणते' म्हणेपर्यंत ती पुढचं चित्र दाबत नाही.

मंजुळाबाई: मग म्हणते की मी.

वर्षाली: परवा तुम्ही दळणाला गेला होता. मी किती वेळा म्हटलं, माझ्या आवाजाला हलेना. अंगावर साबण वाळला.

मंजुळाबाई: ह्यांना जाऊन सहा म्हयनं झालं. रोज सकाळी इचारत्यात, मी सांगते. तेवढंच बोलणं ऱ्हायलंय. जितेपणी तरी दुसरं काय बोलायचो म्हणा.

वर्षाली: ते वाक्य काढत नाही. पाठोपाठ तुमचं उत्तर भरते.

मंजुळाबाई: म्हंजी डबाच इचारणार, डबाच सांगणार. आन मी?

वर्षाली: तुम्ही निवांत चहा प्यायचा.

मंजुळाबाई: ग्वाड बोलू नगं. मी तिथं येऊन ऱ्हायले तर?

वर्षाली: आजीला ठेवून घेत नाहीत. आणि किती वर्षं राहाल?

मंजुळाबाई: दाब ते. कुठं बोलू?

वर्षाली: इथं. मामंजींना म्हणायचा तसंच.

मंजुळाबाई: झाला, आणते. बसा गप.

वर्षाली: 'बसा गप' नको, आत्या. ती बसूनच राहील.

मंजुळाबाई: ह्ये कधी बसलं न्हाईत. बरं, तेवढं काढ.

(पुढच्या वर्षी, रहाटणीच्या केंद्रात)

अनुया मॅडम: दिव्या आता एकटीनं अंघोळ करते. मध्येच कुणाला हाक मारत नाही, अडत नाही.

वर्षाली: सुट्टीत घरी आली की तिथंही करते, मॅडम.

अनुया मॅडम: 'झाला, आणते' म्हणणाऱ्या त्या आजींना एकदा घेऊन या ना. नव्या पालकांशी बोलतील.

वर्षाली: माझ्या सासूबाई त्या. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गेल्या.